डावा कोपरा

सोहारला जूनमध्ये साडेबारा ते साडेतीन
उन्हात काम बंद. कायदाच आहे.
तेव्हा कंटेनरच्या सावलीत, ओल्या टॉवेलखाली डोकं घालून
मी आणि मोनिर पत्ते खेळतो, फोनवर.
बारा पत्त्यांची गड्डी,
दर फेरीला ताकदीचा एक थेंब वाढतो,
आणि समोरच्याचा बुरूज पाडायचा.

इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसत नाहीत,
मी माझी ठेवलीत. दगडी दार. कासव.
मलमवाली. ओली गोधडी, ही आग विझवते.
बारातले नऊ पत्ते असे, सोसणारे.
मोनिरकडे सोसणारा एकही नाही.
उंदरांची टोळी, सुरी, वीज, पुन्हा उंदीर.
एकोणीस वर्षांचा आहे, नोआखालीचा.
चौथ्या फेरीत जिंकतो, नाहीतर चौथ्या फेरीत मरतो,
दोन्ही वेळा सारखाच हसतो.
मला म्हणतो दीवारभाई.

मी लवकर हरत नाही.
पण बाराव्या फेरीनंतर खेळ स्वतःच बुरूज कुरतडू लागतो,
दोघांचेही, आणि माझ्या बुरुजाचे टवके
तोवर जास्त उडालेले असतात.
हातात नुसती दारं उरतात.
दार कुणाला फेकून मारता येत नाही.

पेणच्या बाजूला आमचा कबड्डीचा संघ होता, त्यात मी डावा कोपरा.
घोटा धरला की सोडायचो नाही,
गुडघ्याचं कातडं मैदानावर राहिलं तरी.
चढाईला मला कुणी पाठवलं नाही,
मीही म्हटलं नाही, जातो.
इथे हुद्दा तोच : सेफ्टी.
हार्नेसचा हूक लावला का,
परांचीला टॅग हिरवा की लाल.
दिवसभर काहीही होऊ नये, याचा पगार.

परवा मोनिरने फोन हिसकावून घेतला.
दोन दारं काढली, एक कासव काढलं,
तिथे सुरी घातली, वीज घातली,
आणि ज्याला मी कधी हात लावला नव्हता तो पत्ता,
आपल्या बुरुजाचे तीन दगड देऊन
समोरच्याचे पाच घेणारा.
"दार ठेव की," म्हणाला, "पण एखादं उघडणारंही ठेव."

तीन डाव हरलो.
सुरी हातात आली की वाटायचं, आत्ता नको, पुढच्या फेरीला.
पुढच्या फेरीला उंदीर आलेले असायचे.
चौथ्या डावाला उरलेलं कासव पुढे केलं,
उंदीर सगळे त्याच्या पाठीवर चढेस्तोवर थांबलो,
आणि वीज टाकली.
मोनिर हसला नाही. पहिल्यांदाच.
स्क्रीनवरचा घाम अंगठ्याने पुसत म्हणाला, आणखी एक.

रात्री झोप नाही.
खिडकीच्या चंदेरी कागदाला फट आहे,
तिच्यातून रिफायनरीची ज्योत भिंतीवर हलते.
ओव्हरटाइमचे सात महिने अडकलेत, मी मागितले नाहीत.
व्हिसा नूतनीकरणाला आलाय, आत्ता नको.
थोरल्याची फी भरून होऊ दे, आत्ता नको.
कासव, मग दार, मग कासव.
आणि पहाटे कधीतरी, वरच्या बंकवर मोनिर घोरत असताना,
लक्षात आलं
की मधली रेषा मी अकरा वर्षांपूर्वीच ओलांडली आहे.
उभा आहे कोपऱ्यातच,
पण हा कोपरा त्यांचा.
ओठ हलताहेत, दम एकच घेतलेला,
अजून कुणाला शिवलेलोसुद्धा नाही.

सकाळी नऊला, पगाराचं बघणाऱ्या रेनॉल्डच्या केबिनबाहेर.
एसीचं पाणी रंगाच्या डब्यात टपकतंय.
खिशात कागद : महिने, तारखा, तास,
खाली मोनिरच्या अक्षरात बेरीज, दोनदा तपासलेली.
लांबून तो बोटं दाखवतो, तीन, मग पाच.
काचेच्या दारावर काहीतरी लिहिलंय, अरबीत आणि इंग्रजीत.
वाचत बसलो असतो तर परत फिरलो असतो.
दम सुटायच्या आत
दार ढकललं.

ते ओढायचं होतं.